बाकी येईल

आईने डोंबिवली पसंत केली ती पाच किलो गव्हांच्या साक्षीने.

१९६९ सालचा मार्च, रविवार. बाबांनी जागा हेरून ठेवली होती आणि त्या दिवशी ती आईला दाखवायची होती. मी तेरा वर्षांची, धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीतून निघताना आईने दोन पिशव्या उचलल्या. एकीत दळणाचे पाच किलो गहू, दुसरीत कांदे-बटाटे. बाबा म्हणाले, ‘‘अगं, नुसती जागा बघून यायचंय.’’ आई म्हणाली, ‘‘रिकाम्या हातांनी कुठलीही जागा जवळच वाटते.’’

बसने व्ही.टी. आणि तिथून गाडीने डोंबिवली. उतरल्यावर तिने बाबांच्या हातात एकही पिशवी दिली नाही, फक्त त्यांना घड्याळाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. पूल ओलांडून पूर्वेला उतरलो, दुकानांची एक ओळ संपली, मग डांबर संपलं आणि मातीचा रस्ता सुरू झाला. वाटेत एका चिंचेखाली तिने पिशव्या खाली ठेवून हात बदलले. टिळकनगरच्या अलीकडे एक दुमजली इमारत होती. तिला अजून गिलावा व्हायचा होता आणि तिन्ही बाजूंना कापून झालेल्या भाताची खुंटं. बारा मिनिटं लागली होती.

आई आत गेली. मोरी पाहिली, ओटा पाहिला. मग संडासात जाऊन तिने आतून कडी लावली, काही क्षण आत थांबली आणि बाहेर आली. चाळीत आमच्या मजल्यावर सोळा बिऱ्हाडांना मिळून चार संडास होते; सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहायचं वय तिचं कधी संपणारच नव्हतं. ती कडी तिने तीनदा लावून पाहिली. मग गॅलरीत आली आणि शेतांकडे बघत म्हणाली, ‘‘अहो, पण इथे आहे काय?’’

‘‘स्टेशन आहे.’’

‘‘आणि बाकी?’’

‘‘बाकी येईल,’’ बाबा म्हणाले.

त्या दोन शब्दांवर आमचं घर झालं. आमचंच कशाला, आजचं अर्धंअधिक डोंबिवली त्याच दोन शब्दांवर उभं आहे.

गिरगाव सोडायचं म्हणजे काय सोडायचं, हे ज्याने सोडलं त्यालाच कळतं. शाळा गल्लीच्या टोकाला. हरकिसनदास हॉस्पिटल चालत पाच मिनिटांवर. भाजी आणि फुलं घ्यायला भुलेश्वर, हवा खायला चौपाटी, नाटकाला केळेवाडीतलं साहित्य संघ मंदिर, सिनेमाला मॅजेस्टिक आणि सेंट्रल. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली शहरातला पहिला सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून भाद्रपदात दहा दिवस घरी झोपायचं काम नाही. ट्रामची घंटा आमच्या लहानपणी ऐकू यायची. ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम गेली, त्या रात्री बाबा मला खांद्यावर घेऊन गर्दी बघायला गेले होते. खांद्यावर बसायचं माझं वय तेव्हा उलटून गेलं होतं, पण त्याशिवाय काही दिसलं नसतं. आजची मुलं ज्याला ‘कनेक्टिव्हिटी’ आणि ‘अॅमेनिटीज’ म्हणतात, ते सगळं आमच्या पायाखाली होतं, आणि भाडं महिना अकरा रुपये.

मग असं ठिकाण सोडतं कोण? ज्याच्या नावावर खोली नसते तो.

आमच्या दोन खोल्या आजोबांच्या नावावर होत्या. ते गेल्यावर भाड्याची पावती मोठ्या काकांच्या नावाने होऊ लागली. दोन भावांचे दोन संसार, आजी आणि एक अविवाहित आत्या अशी दहा माणसं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईची भाडी लढाईच्या सुरुवातीच्या, म्हणजे १९४०च्या पातळीवर बांधून टाकली होती. भाडेकरूला त्याचं संरक्षण मिळालं, ते खरं. पण त्याची दुसरी बाजू अशी, की अकरा रुपयांत राहणारा जागा सोडेना आणि अकरा रुपये घेणारा मालक इमारतीला हात लावेना. जिने डुगडुगायला लागले, लाकडी तुळया वाळवीने खाल्ल्या. शेवटी सरकारला १९६९मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून मंडळ नेमावं लागलं आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला. आम्ही ज्या वर्षी निघालो, नेमकं तेच वर्ष.

नवी खोली घ्यायची तर पागडी. म्हणजे भाडं कागदावर किरकोळ, आणि कागदाबाहेर हजारोंची एकरकमी रक्कम, जिची पावती नाही. कायद्याने तो गुन्हा होता आणि व्यवहारात तोच रिवाज होता. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्यात. तोवर माझी निम्मी नोकरी संपली होती. बाबांच्या पगारात गिरगावातल्या खोलीची पागडी बसत नव्हती. म्हणून धाकट्या भावाने, म्हणजे बाबांनी, बाहेर पडायचं, हे घरात कोणी न बोलता ठरलं.

असं बाहेर पडणारे आम्ही पहिले नव्हतो. १८९६मध्ये प्लेग आला आणि दाटीवाटीच्या मुंबईत माणसं पटापट मेली. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इकडची जमीन आखून प्लॉट पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातूनच झाल्या. १९१५मध्ये गावदेवीला सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, देशातली अशा प्रकारची पहिली. भाड्याने राहणाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच मालक व्हायचं, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती. कामगारांसाठी सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला दोनशे सात बीडीडी चाळी बांधल्या. पांढरपेशा मराठी माणूस पार्ल्यापर्यंत गेला. तिथे १९२१मध्ये टिळक विद्यालय आणि १९२३मध्ये टिळक मंदिर उभं राहिलं. दर पिढीला शहर एकेक पायरी उत्तरेला सरकत होतं.

आमच्या आजोबांना १९३०च्या दशकात दादरला ब्लॉक मिळत होता. ‘एवढ्या लांब कोण जाणार,’ म्हणून त्यांनी नाही म्हटलं. घरात भांडण झालं की आजी हे हमखास काढायची. दादर लांब म्हणून सोडलं, आणि मुलगा गेला डोंबिवलीला!

बाबा बॅलार्ड इस्टेटमध्ये एका जहाज कंपनीत कारकून होते. जागा शोधायचं ठरल्यावर त्यांनी दीड वर्षं रविवारी पाहणी केली. गोरेगाव, मुलुंड, ठाणे, कल्याण, अंबरनाथ. दर रविवारी जेवून निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. त्यांच्या कसोट्या तीन होत्या आणि त्या मला अजून पाठ आहेत. एक, घरातून स्टेशनला जायला पैसे पडता कामा नयेत. दोन, स्टेशनवर जलद गाडी थांबली पाहिजे. तीन, जागेचा हप्ता आणि रेल्वेचा पास ही दोन्ही मिळून पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाता कामा नये.

तिसरी कसोटी त्यांचा खरा शोध होता. लोक जागेची किंमत विचारतात. बाबा जागेची किंमत अधिक पास असं विचारायचे. ‘स्वस्त जागेचं भाडं दोघांना द्यावं लागतं,’ ते म्हणायचे, ‘एक मालकाला, एक रेल्वेला.’ व्ही.टी.पासून एकेक स्टेशन पुढे गेलं की जागेचा भाव उतरतो, पण तो सारखा उतरत नाही, हे त्यांनी पायांनी मोजलं होतं. जलद गाडी जिथे थांबते तिथे भाव थोडा चढतो, नुसती स्लो थांबते तिथे पडतो. कळवा, मुंब्रा, दिवा ही स्टेशनं डोंबिवलीच्या अलीकडची; तरी त्यांनी ती बघितलीही नाहीत. ठाण्याला भाव हाताबाहेर. कल्याण म्हणजे जुनं शहर, तिथे वाडे आणि त्यांचे वारस. अंबरनाथला गाड्या कमी. अंतर डोंबिवलीचंही कमी नव्हतं, व्ही.टी.पासून सुमारे ४८ किलोमीटर; पण जलद गाडीने तास-सव्वातास. नकाशा बाजूला ठेवून त्यांनी वेळापत्रकावर जागा निवडली.

हे वेळापत्रक घडायला शंभर वर्षं लागली होती. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेत सगळेच शिकतात. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ला, ती कल्याणपर्यंत गेली. डोंबिवलीच्या शेतांतून रूळ गेले ते तेव्हा. पण ठाण्यानंतर पारसिकचा डोंगर आडवा येतो, त्यामुळे रूळ खाडीच्या कडेने मुंब्र्याला वळसा घालून नेले होते. १९१६मध्ये डोंगराच्या पोटातून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा खोदला गेला आणि जलद गाड्यांचा वळसा वाचला. मग वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ला हार्बर मार्गावर व्ही.टी. ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली आणि नंतर मुख्य मार्गावरही वाफेची इंजिनं लोकलमधून गेली. डोंबिवलीच्या पुढच्याच ठाकुर्लीला रेल्वेने स्वतःचं वीजघर बांधलं. आम्ही त्याला चोळ्याचं पॉवरहाऊस म्हणायचो.

बोगदा, वीज आणि वीजघर ही तीनही कामं डोंबिवलीकरांसाठी झाली नव्हती. ती पुण्याच्या आणि त्यापलीकडच्या वाहतुकीसाठी होती. आपण फक्त त्यांच्या वाटेवर होतो. पण वाटेवर असणं हेच स्वस्त गावाचं भांडवल असतं.

आम्ही त्याला बोगदाच म्हणायचो, पारसिकचं नाव घ्यायची गरज नव्हती. गाडी आत शिरली की आवाज बदलायचा, बायका पर्स छातीशी धरायच्या, मुलं ओरडायची. बाहेर पडलं की डाव्या हाताला हिरवं दिसायचं आणि आता घर आलं असं वाटायचं. २०२२मध्ये नव्या मार्गिका सुरू झाल्या आणि जलद लोकल बोगद्यातून जायच्या थांबल्या. आता तिथून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. मला त्याचं वाईट वाटलं, असं सांगितलं तर घरातले हसतात.

ब्लॉक चौदा हजारांचा होता. प्रॉव्हिडंट फंडातून काही, ऑफिसच्या पतपेढीतून काही, आणि उरलेल्यात आईच्या पाटल्या. घरासाठी सामान्य नोकरदाराला कर्ज देणाऱ्या संस्था तेव्हा जवळजवळ नव्हत्याच. एचडीएफसी निघाली ती १९७७मध्ये. बिल्डरने करारनामा करून दिला, कारण १९६३च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने तो द्यावाच लागत होता. बाबांनी तो करारनामा तीनदा वाचला आणि ट्रंकेत आजोबांच्या पत्रिकेशेजारी ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्यासारखे लोक ती सांगत नाहीत. आम्ही येऊन डोंबिवली वसवली, असं आम्ही म्हणतो. डोंबिवली वसलेलीच होती. आयरे, पाथर्ली, ठाकुर्ली, कोपर, सागाव, मानपाडा ही आगरी माणसांची गावं होती. भात पिकवणारी, खाडीत मासे धरणारी. आमच्या इमारतीखालची जमीन ज्यांची होती, त्या घरातली आजी पहिली दोन वर्षं आमच्या जिन्यात ताजी भाजी घेऊन बसायची. एकदा आईने तिला विचारलं, ‘‘आजी, हे आधी काय होतं?’’ तिने बसल्या जागेवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘बाय, तू बसलीस तिथं आमचं खळं होतं.’’ आई नंतर कितीतरी दिवस तिच्याशी भाव करायची नाही.

साठच्या दशकात पूर्वेला एमआयडीसी आली. कारखाने आले, नोकऱ्या आल्या, आणि वारा फिरला की उग्र वास आला. स्वस्त जागेच्या हिशेबात बाबांनी तो वास धरला नव्हता. २०१६च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४च्या मे महिन्यात तिथे रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले आणि माणसं गेली. पहिल्या स्फोटाच्या वेळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फडताळावर येऊन पडली. तोवर बाबा नव्हते. असते तर चौथी कसोटी लिहिली असती.

जून १९६९मध्ये राहायला आलो आणि पहिल्याच पावसात ‘बाकी’ म्हणजे काय काय, ते कळलं. दिव्याचे खांब टिळकनगरपर्यंत नव्हते. पाणी पहाटे तासभर, तेही खालच्या नळाला. रस्ता असा की माणसं चपला हातात घेऊन स्टेशन गाठायची. बाबांनी एक जोड ऑफिसच्या टेबलाखाली कायमचा ठेवला होता. रात्री बेडकांचा आवाज एवढा की पहिले आठ दिवस भावाला झोप आली नाही; त्याला ट्राम आठवायची म्हणे. आठवड्यातून एकदा तरी कोणाच्या तरी न्हाणीघरात साप निघायचा. गिरणी होती, पण ती स्टेशनजवळ. आईचा बारा मिनिटांचा हिशेब गव्हाचा होता, आणि ते गहू खरोखरच तिने आठवड्याला एकदा तसेच वाहिले.

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४चं. दोन जुन्या शहरांच्या मधे आम्ही, आणि आमच्याकडे १९२४मध्ये स्थापन झालेलं गणेश मंदिर हीच काय ती जुनी संस्था. गिरगाव, दादर, परळहून आलेल्या माणसांना मात्र वाचनालय, व्याख्यान, नाटक, शाळा या वस्तू भाजीसारख्या दारात लागत. त्या नव्हत्या, म्हणून ही माणसं कुढली नाहीत. रविवारी सतरंजी टाकून बसली आणि वर्गणी काढली.

मी हे पुस्तकातून सांगत नाही, आमच्याच गच्चीवरचं सांगते. बाबा सात पन्नासच्या गाडीने परत यायचे, जेवून साडेनऊला बैठकीला जायचे. कधी शाळेच्या इमारतनिधीची, कधी गणपतीची, कधी नळजोडणीसाठी नगरपालिकेला द्यायच्या अर्जाची. दिवसभर ऑफिसात दुसऱ्याच्या टिपणांवर सह्या घेणारा माणूस रात्री कंदिलाखाली स्वतःच्या गावाचं टिपण लिहायचा. ‘‘अहो, थोडं झोपा,’’ आई म्हणायची. ‘‘तूच विचारलंस ना, बाकी काय म्हणून,’’ ते म्हणायचे.

बाकी येत गेलं. १९७०मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक निघाली. आमच्या भावाच्या धंद्याला पहिलं कर्ज तिनेच दिलं. टिळकनगरची शाळा वाढली, पेंढरकर कॉलेज आलं आणि मुलींना कॉलेजसाठी मुंबईला जायची सक्ती राहिली नाही. पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथे राहिले. शन्ना भाजी घेताना दिसले की आई पुढे होऊन नमस्कार करायची आणि घरी येऊन त्यांनी कुठली भाजी घेतली ते सांगायची. १९८३च्या ऑक्टोबरमध्ये कल्याण आणि डोंबिवली मिळून महानगरपालिका झाली. १९९९मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा इथून सुरू झाली आणि मग गिरगावानेही ती उचलली. दिवाळीच्या पहिल्या पहाटे सगळं तरुण गाव नटूनथटून फडके रोडवर उभं राहतं; हे कोणी ठरवलं, कोणालाच सांगता येत नाही. २०१७च्या फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं. मांडवात शिरताना मला १९६९ची ती भाताची खुंटं आठवली. पण त्याबरोबरच हेही आठवलं, की पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर एका व्याख्यानाला सतरा श्रोते होते आणि त्यातले नऊ आमच्याच जिन्यातले.

सोयी बघून डोंबिवलीला कोणीच आलं नव्हतं. स्टेशन बघून आले, आणि सोयी अंगमेहनतीने आणल्या. पुढे ज्यांनी ‘डोंबिवलीत सगळं मिळतं’ म्हणून जागा घेतल्या, त्यांनी या अंगमेहनतीचेही पैसे बिल्डरला दिले.

आता दुसऱ्या भाड्याचं, रेल्वेच्या भाड्याचं सांगते. १९७८ ते २०१२ अशी चौतीस वर्षं मी फोर्टात नोकरी केली. घरातून टेबलापर्यंत आणि टेबलापासून घरापर्यंत रोजचे तीन तास. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर साडेसातशे तास. चौतीस वर्षांचे पंचवीस हजार पाचशे. निवृत्तीच्या दिवशी मी हे कॅल्क्युलेटरवर मांडलं: एक हजार बासष्ट दिवस, म्हणजे दोन वर्षं अकरा महिने, रात्रंदिवस. चौदा हजारांच्या ब्लॉकवर एवढं व्याज.

ते व्याज सगळंच वाया गेलं, असं मात्र मी म्हणणार नाही. आठ तेराच्या गाडीच्या बायकांच्या डब्यात मी मेथी निवडायला शिकले, दोन्ही बाळंतपणांच्या ओटीचे नारळ तिथेच मिळाले, आणि माझ्या दिराचं लग्न ठरलं ते कळवा ते घाटकोपर एवढ्या वेळात. दसऱ्याला डब्याला तोरण बांधायचो. जागा मिळायची नाही म्हणून आधी उलट्या गाडीने कल्याणला जायचं आणि तिथून बसून यायचं. त्याला ‘रिटर्न मारणं’ म्हणतात. १९९२च्या जुलैत मध्य रेल्वेवर महिला विशेष गाडी सुरू झाली, त्या दिवशी अख्ख्या गाडीत बायकाच बायका बघून आम्हाला हसू आवरेना. तिघींच्या बाकावर चौथीने अर्धी मांडी टेकवायची, हा मात्र कायदा तिथेही होताच.

पण स्टेशनवर उभं असलेलं गाव स्टेशन बंद पडलं की कोसळतं. मे १९७४मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला, आठ तारखेपासून वीस दिवस. गाडी कधी येईल, येईल की नाही, कसलाच भरवसा नव्हता. बाबा पिशवीत दोन शर्ट घालून गिरगावात काकांकडे जाऊन राहिले. त्याच दोन खोल्या, तीच टमरेलाची रांग. संप मिटल्यावर परत आले तेव्हा आई म्हणाली, ‘‘कसं होतं?’’ ते म्हणाले, ‘‘ऑफिस चालत पंचवीस मिनिटं.’’ आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आपण काय विकून काय घेतलं, याचा ताळा त्यांनी त्या वीस दिवसांत केला असावा.

गाड्या वाढल्या, डबे नवाचे बारा झाले, पुढे काही गाड्यांना पंधरा. माणसं त्याहून वेगाने वाढली. २०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर भरलेल्या गाड्यांच्या दारांतून माणसं खाली पडली आणि काही जीवानिशी गेली. त्या वळणावरून मीही कितीदा तरी गेले आहे. बाबांची दुसरी कसोटी, जलद गाडी थांबली पाहिजे, ही पुढे लाखो लोकांची कसोटी झाली. गाडी मात्र तेवढ्यांना पुरली नाही.

तिकडे गिरगावात आता उलटं झालंय. चाळी जाऊन टॉवर येतायत. २०२५च्या ऑक्टोबरपासून जमिनीखालून मेट्रोही धावतेय, आणि तिच्या एका स्टेशनचं नावच गिरगाव आहे. त्या कामासाठी काही जुन्या इमारती पाडल्या, त्यात माझ्या मावशीची होती. जगातल्या सगळ्या सोयी पुन्हा तिथे जमल्या आहेत. फक्त अकरा रुपयेवाले तिथे नाहीत.

मागच्या महिन्यात भाच्याने जागा बघायला बोलावलं. कल्याण-शिळ रस्त्यावर, डोंबिवलीच्या बाहेरच्या अंगाला. तेविसाव्या मजल्यावरचा नमुना फ्लॅट, खाली तरणतलाव, जिम, मुलांना खेळायला मऊ फरशीचं अंगण, आवारातच शाळा, मंदिर, किराणा. भाच्याने फोनवर यादी केली होती आणि एकेका ओळीवर बरोबरची खूण करत होता. मी जाताना पिशवी घेऊन गेले होते. पाच किलो आता मला झेपत नाहीत. दोन किलोच घेतले, पण गहूच घेतले.

‘‘आत्या, हे काय?’’ तो म्हणाला.

‘‘तुझ्या आजीची फूटपट्टी,’’ मी म्हटलं. ‘‘स्टेशनपासून चालत दाखव.’’

तो हसला. चालत नाही जाता येत. शेअर रिक्षा आहे, रांग असते. गर्दी नसली तर अर्धा तास, असली तर विचारू नकोस. पण आत्या, इथे बघ ना, सगळं आहे.

‘‘आणि स्टेशन?’’

त्याने खिडकीतून खाली बोट दाखवलं. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे होते, काहींवर माथा, काही नुसतेच. कल्याणहून तळोज्याला जाणारी मार्गिका.

‘‘स्टेशन येईल,’’ तो म्हणाला.

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या बायकोने तेवढ्यात आतून हाक मारली आणि न्हाणीघराचं दार बंद करून पाहिलं. कडी नव्हती, आतून फिरवायची कळ होती. ती तिने दोनदा फिरवून पाहिली.